वळणावरचा पिवळा दाणा

फगनीचे हात थांबले ते मला आधी कळलंच नाही. मी काठावरच्या खडकावर बसून नकाशात नदीच्या वळणाची खूण करत होतो. काठवट पाण्यात घोळवण्याचा सपसप आवाज बंद झाला, तेव्हा मी मान वर केली.

"काय झालं, फगनीबाई?"

"काई नाई जी. या, पाहा."

मी बूट न काढताच पाण्यात उतरलो. लाकडी काठवटीच्या तळाशी काळ्या रेतीची बारीक कोर उरली होती आणि तिच्या टोकाला एक पिवळा दाणा पडला होता. बाजरीच्या दाण्याएवढा. वाचणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही. पण त्या हिवाळ्यात सुरवाही नदीची रेती धुऊन आम्हाला जे सोनं दिसलं होतं, ते सगळं धुळीच्या कणांएवढं होतं. ते बघायला भिंग लागायचं, आणि कुणी जवळ शिंकलं की जीव वरखाली व्हायचा.

"एवढा मोठा," मी म्हणालो. "फगनीबाई, तुम्ही आज सगळ्यांचं भलं केलंत."

ती हसली नाही. एरवी दिवसभर माझी थट्टा करणारी बाई. माझ्या टोपीला ती झाकण म्हणायची. तिचा बाप दुकलूबाबा फावडं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तो आला, काठवटीत वाकून पाहिलं, हात धुतले, आणि काठावरच्या कोसमाच्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसला.

"बाबांना बरं नाही का?"

"म्हातारा झाला," फगनी म्हणाली. "बसू द्या त्याले. तुमी तुमचं सोनं घ्या."

तिने दाणा बोटाच्या टोकावर चिकटवून माझ्या काचेच्या नळीत सोडला. उरलेली काळी रेतीही मी सवयीने दुसऱ्या नळीत भरली आणि दोन्ही नळ्या खिशात ठेवल्या. त्या दुसऱ्या नळीकडे मी त्या दिवशी ढुंकूनही पाहिलं नाही.

भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेला, साकोलीच्या पुढे जंगलात आमचा तंबू होता. सरकारी खात्यातलं माझं ते पहिलंच वर्ष. फगनी आणि दुकलूबाबा जवळच्या वस्तीतले सोनझारी. पिढ्यान् पिढ्या या लोकांनी नदीची रेती धुऊन सोन्याचे कण काढले आहेत. आम्ही त्यांना रोजावर घेतलं होतं. नदीत सोन्याचे कण येतात म्हणजे वर कुठेतरी सोनं असलेला खडक असणार. तो शोधून मशीनने भोक पाडायचं आणि जमिनीखाली काय आहे ते बघायचं, हे आमचं काम. पण मशीनने पाडलेली सगळी भोकं कोरडी गेली होती. महिनाअखेर मशीन चंद्रपूरकडे कोळशाच्या कामाला जाणार होतं. आता एकाच भोकापुरता वेळ उरला होता. तेही कोरडं गेलं, तर 'या भागात सोनं नाही' असा अहवाल जाणार होता, आणि असा अहवाल एकदा गेला की पुढची पन्नास वर्षं तिकडे कुणी फिरकत नाही. ते शेवटचं भोक कुठे पाडायचं, हे ठरवायला साहेबांनी मला नदीवर पाठवलं होतं.

साहेबांचं नाव राजरत्नम. कोलारचे. त्यांचे वडील कोलारच्या सोन्याच्या खाणीत पाळण्यात बसून जमिनीच्या पोटात उतरायचे. नागपुरात राहून साहेब मराठी शिकले होते आणि बेधडक बोलायचे. तंबूत त्यांनी भारताचा नकाशा टांगला होता आणि जिथे जिथे सोनं आहे, तिथे हळदीच्या बोटाने ठिपके लावले होते.

दुपारी मी त्यांच्यासमोर नळी धरली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पळसुले," ते म्हणाले, "हा दाणा लांब चालला नाही. जड माणूस लांब चालत नाही. सोनं पण नाही चालत."

"म्हणजे खडक वळणाजवळच आहे?"

"जवळ. फार जवळ." ते उठून नकाशापाशी गेले. "हे बघ. कोलार. हा हट्टी. हा रामगिरी. इकडे वायनाड. तिकडे वर सुवर्णरेखा. हे ठिपके मी कुठे पण लावले नाही. हे सगळे जुने खडक. फार जुने. तेव्हा झाड नव्हतं, मासा नव्हता. जमिनीला भेगा पडल्या, खालून उकळतं पाणी वर आलं, त्यात सोनं विरघळलेलं. पाणी थंड झालं, भेगेत गारगोटी बसली, तिच्यात सोनं बसलं. माझा बाप तीच गारगोटी फोडायचा."

"आणि महाराष्ट्रात?"

"तुमच्या महाराष्ट्रावर काळी गोधडी आहे." त्यांनी मुंबईपासून पार नागपूरपर्यंत तळवा फिरवला. "लाव्ह्याची. पुणं, नाशिक, औरंगाबाद, सगळे गोधडीखाली झोपले. खाली काय आहे, कोण बघणार? पण ही गोधडी नागपूरला संपते. इथे जुने खडक उघडे आहेत. म्हणून मी इथे तंबू टाकला. लोक हसले." साकोलीजवळ एक फिकट ठिपका होता, अर्ध्या बोटाचा. "हा ठिपका मी घाबरत लावला. परवा मशीन वळणावर ने. मग मी पूर्ण बोट लावतो."

मुलांना सोन्याबद्दल सांगताना मी आजही त्या गोधडीपासूनच सुरुवात करतो. याहून सोपं मला पुढे कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनसाठी वाट साफ करायला माणसं हवी होती, म्हणून मी सोनझाऱ्यांच्या वस्तीवर निघालो. निघण्यापूर्वी त्या दाण्याचं चित्र काढायला बसलो. नमुन्याचं चित्र काढायचा आमचा रिवाज होता. भिंगाखाली दाणा ठेवला आणि पेन्सिल थांबली.

नदीतून आलेला सोन्याचा कण घासून, ठेचून चपटा होतो, पत्र्याच्या कपचीसारखा. हा गोल होता. वरून थेंबासारखा गुळगुळीत. उलटा केला, तर एका बाजूने सपाट, आणि त्या सपाटीवर केसासारख्या बारीक, समांतर रेघा. मला त्या रेघांचा अर्थ लागला नाही. खरं म्हणजे लावायचाही नव्हता. मी रेघांसकट चित्र काढलं आणि नळी खिशात टाकली.

वस्तीवर दुकलूबाबा घरासमोर उकिडवा बसला होता. पुढ्यात लाकडी कोळशाचा एक तुकडा, त्याला वरून कोरलेली वाटी. वाटीत आठवड्याचे सोन्याचे कण आणि चिमूटभर टाकणखार. तोंडात नळी धरून तो दिव्याची ज्योत त्या वाटीवर फुंकत होता. गाल फुगले होते, डोळे मिटलेले. सोनाराकडे न्यायच्या आधी ते कण असे वितळवून त्यांची गोळी करायचे.

"बाबा, उद्या चार माणसं पाहिजेत. वळणावर मशीन न्यायचं आहे."

त्याने फुंकणं थांबवलं नाही. उत्तर फगनीने दिलं. ती भिंतीला टेकून भाजी निवडत होती.

"कायले नेता जी तिथं?"

"कायले म्हणजे? कालचा दाणा तुम्हीच काढलात ना."

"मी काढला. तिथं हाय असं म्या म्हटलं का?"

तेवढ्यात बाबाने कोळसा उलटा केला. सोन्याची एक इवली गोळी मातीवर पडली, चुरचुरली, आणि थंड झाली. मी ती उचलली. का उचलली, सांगता येत नाही. पण खिशातून भिंग काढलं आणि गोळी उलटी धरली.

खाली सपाट. सपाटीवर केसासारख्या समांतर रेघा. कोळशाच्या लाकडाच्या रेघा.

मग नळी काढून कालचा दाणा तिच्याशेजारी तळहातावर ठेवला. दोघे एकाच घरातले असावेत तसे दिसत होते.

"बाबा," मी विचारलं, "हा कुणाचा आहे?"

"तुमचा जी. सरकारचा. तुमच्या कागदावर लिवला ना आता."

"मी कागदाचं विचारत नाही."

बाबाने नळी बाजूला ठेवली. फगनीकडे पाहिलं, आणि मान हलवून तिला बोलायची परवानगी दिली.

"मायचा हाय," फगनी म्हणाली. "बिरजाबाईचा. आमच्या टोल्यातल्या, वस्तीतल्या पोरी साऱ्या याच्यावर शिकल्या. काठवटीत रेती भरायची, रेतीत हा मणी टाकायचा अन् म्हणायची, धू. रेती गेली पायजे, मणी राह्यला पायजे. हात चुकला तं मणी पाण्यात जाये. मग सारा टोला खाली बसून शोधे, अन् माय काठावर बसून हासे. म्या तीनदा घालवला होता."

"चारदा," बाबा म्हणाला.

"तीनदा. चौथ्यांदा तुमी धक्का मारला." ती माझ्याकडे वळली. "गेल्या वैशाखाच्या आधीच्या वैशाखात माय गेली. मरणाऱ्याच्या तोंडात सोनं ठेवा लागते ना जी. आमी जलमभर सोनं काढतो, पण घरात हा एकच मणी. बाबानं तोच ठेवला. राख नदीत सोडली. आमी सोनझारी दुसऱ्याच्या घाटावरची राख सोन्यासाठी धुतो, ते आमचं काम हाय. पण आपल्या मानसाची कोनी धूत नाई. आमच्या मसनघाटाकडं आमी काठवट नेतच नाई."

"घाट कुठे आहे?"

"वळणाच्या वर. हाक मारली तं ऐकू येते. तुमी खूण केली ते घाटाच्या खाली होतं, म्हनून म्या म्हटलं धुवून पाहू. दोन पावसाळे गेले, मले काय मालूम माय खाली येऊन बसली."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

यावर बाबाच बोलला. "सांगतलं असतं तं तुमी काय म्हटलं असतं जी? सोनं दिसलं, तं हे सोनझारी म्हनते आमचं हाय. असंच ना?"

असंच म्हटलं असतं. साहेबांचा नियम चुकला नव्हता. दाणा खरंच लांब चालला नव्हता, जवळूनच आला होता. फक्त तो खडकातून आला नव्हता.

तंबूकडे परतताना मला वाट फार लांब वाटली. मी गप्प बसलो तर उद्या मशीन वळणावर जाईल, दोन दिवस घरघरेल, आणि कोरडा दगड वर येईल. बोललो तर शेवटच्या भोकाला जागाच उरत नव्हती. कसंही केलं तरी तो फिकट ठिपका पुसला जाणार होता. पण साहेबांनी कोरड्या दगडाकडे बघत उभं राहावं आणि मला कारण माहीत असावं, हे माझ्याच्याने झालं नसतं.

मी सगळं सांगितलं. भिंग दिलं. त्यांनी दाण्याच्या सपाटीवरच्या रेघा बघितल्या आणि खुर्चीवर बसले.

"माझ्या आईने पण ठेवलं होतं," ते म्हणाले. "बापाच्या तोंडात. इतकुसं. खाणीतला माणूस, सगळं आयुष्य सोनं वर पाठवलं. आई म्हणाली, थोडं बरोबर जाऊ दे." मग त्यांनी चष्मा पुसला. "ठीक. हा दाणा बाजूला काढ. आता काय उरलं?"

"काही नाही साहेब."

"पळसुले, काठवटीत फक्त दाणा होता?"

तेव्हा मला दुसरी नळी आठवली. काळी रेती. ती आम्ही पांढऱ्या कागदावर पसरली आणि मी भिंग लावून बसलो. आत सोन्याचे चारदोन कण होते, नेहमीसारखेच, धुळीएवढे. पण ते चपटे नव्हते. एकाला आकड्यासारखं टोक होतं. दुसऱ्याच्या कुशीत पांढरं काहीतरी अडकलं होतं. मी सुईने ते हलवून पाहिलं, हललं नाही.

"साहेब, याला गारगोटी चिकटलेली आहे."

त्यांनी माझ्या हातातून भिंग जवळजवळ हिसकावलंच. फार वेळ बघितलं. नदीत घासला गेलेला कण गुळगुळीत होतो. टोकं शाबूत असलेला, गारगोटी न सोडलेला कण आत्ताच घरून निघालेला असतो. हा मुख्य नदीतून वाहत आला असता, तर असा राहिलाच नसता.

"वळणाच्या वर ओढा मिळतो का कुठे?" साहेबांनी विचारलं.

मी नकाशा उघडला. घाट आणि वळण यांच्यामध्ये डाव्या टेकडीवरून एक बारीक रेघ नदीला येऊन मिळत होती. आम्ही कधी तिची दखल घेतली नव्हती, कारण दिवाळीनंतर ती कोरडी पडायची.

सकाळी मी आणि साहेब ओढ्याची रेती धुवायला दोन माणसं मागायला वस्तीवर गेलो. पण आधी साहेब पुढे झाले. त्यांनी दुकलूबाबासमोर हात पुढे केला. तळहातावर मणी होता.

"हे आमचं नाही," ते म्हणाले. "कागदावरून मी काढलं."

बाबाने मणी घेतला नाही. आधी फगनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "घे पोरी. तिचा जीव यात अडकला असन. माह्याच चुकीनं जाळला. शिकवायचा मणी होता."

"तुमची कसली चूक," फगनी म्हणाली. "माय जित्तेपणी कधी घरी बसली का? मेल्यावर कायले बसन." आणि तिने मणी पदराच्या टोकात बांधला. मग मला म्हणाली, "सायेब, दोन मानसं कायले? ओढा धुवायचा ना? साऱ्यांना घेऊन येतो."

खरोखरच सगळी वस्ती आली. आयाबाया, जावई, भावकी, सगळे आपापल्या काठवटी घेऊन. ओढ्याला पाणी नव्हतं, म्हणून तळाची रेती टोपल्यांनी नदीवर आणायची आणि धुवायची. प्रत्येक टोपलीत मी चिठ्ठी टाकत होतो, ती कुठली आहे ते कळायला. खालच्या टोपल्यांत कण होते. मधल्यांत जास्त होते. एक म्हातारी दर खेपेला मला म्हणायची, "सायेब, आता तरी हसा." मी हसत नव्हतो, मला मोजायचं भान होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याच्या एका चढणीवरून आलेल्या टोपलीत काहीच नव्हतं. त्याच्या वरच्या टोपलीतही नव्हतं. फगनीने काठवट माझ्यासमोर उलटी करून दाखवली.

"संपलं जी."

संपलं, याहून चांगली बातमी आमच्या धंद्यात नसते. जिथे कण संपतात, त्याच्या जरासं खाली घर असतं. मी चढणीच्या पायथ्याशी गेलो आणि पाचोळा पायाने सारला. हिरवट खडकात हाताच्या रुंदीएवढी गारगोटीची पांढरी पट्टी तिरकी आत शिरत होती.

मशीन तिथे नेलं. मशीनवाले कुरकुरले, कारण चढ होता. वस्तीने दोर लावून ओढायला मदत केली. भोकातून वर येणाऱ्या दगडाच्या लांब नळकांड्या आम्ही लाकडी पेटीत ओळीने मांडत होतो. हिरवा, हिरवा, पुन्हा हिरवा. साहेब पेटीजवळ स्टूल टाकून बसले होते. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मग पांढरा दगड आला. त्यांनी तो पाण्याने धुतला, उन्हात तिरका धरला आणि माझ्या हातात दिला. गारगोटीच्या एका कडेला, कुणीतरी पिवळी पेन्सिल टेकवून उचलावी तेवढा ठिपका होता.

सोनं फार नव्हतं. खाण काढण्याइतकं तर नव्हतंच. पण भोक कोरडं गेलं नाही, आणि अहवालात 'नाही' हा शब्द लिहावा लागला नाही. त्यानंतरच्या वर्षांत तिथे वेगवेगळे तंबू पडले, माझ्याहून हुशार मुलंमुली आली, चांगली मशीनं आली. काम अजून चालू आहे. संध्याकाळी साहेबांनी स्वयंपाक्याकडून हळद मागवली आणि नकाशावरच्या फिकट ठिपक्यावर पूर्ण बोट टेकवलं.

त्याच संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, फगनीने मला नदीवर बोलावलं. काठवटीत ओली रेती भरली होती. तिने पदराची गाठ सोडली, मणी रेतीत टाकला आणि वरून हाताने घोळून टाकला.

"घ्या. सारा हिवाळा काठावर बसून पायलं. आता धुवा."

"आणि गेला तर?"

"तं आमी शोधू. अन् तुमच्यावर हासू."

मी धुतलं. हात दुखले, शर्ट भिजला, काठवट दोनदा वाकडी झाली, आणि दोन्ही वेळा काठावरचे सगळे एकदम श्वास रोखून बसले. रेती गेली. मणी राहिला.

आता मी निवृत्त आहे. दर हिवाळ्यात शाळांच्या मुलांना घेऊन सुरवाहीवर जातो. त्यांना गोधडी सांगतो, भेगा सांगतो, जड माणूस लांब का चालत नाही ते सांगतो. मुलं ऐकतात, पण त्यांचं सगळं लक्ष काठावर असतं. तिथे फगनीबाई बसलेली असते, केस पांढरे, समोर काठवट. गेल्या खेपेला आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने तो मणी हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि काळजीने विचारलं, "आजी, हा हरवला तर?"

"हरवते कधी कधी," फगनीबाई म्हणाली आणि माझ्याकडे हनुवटी केली. "एकदा या सायेबाले सापडला होता. तं हा त्याच्यासाठी मशीन आणत होता. धू पोरी, भिऊ नको."